लाट दिसते, पण ढकलत नाही: वेकसर्फच्या बोटीचं वजन आणि बोर्ड कसं तपासायचं

वेकसर्फ म्हणजे बोटीच्या मागे उठणाऱ्या लाटेवर, दोरी सोडून, बोर्डवर उभं राहून जाणं. पुण्याच्या आसपास त्याला चालेल अशी बोट असलेली माणसं मोजकीच, पण त्यांचे फोन ठरलेल्या वेळी येतात. पावसाळा संपून बोट ताडपत्रीखालून बाहेर निघाली की एकदा, आणि एप्रिलात धरणाचं पाणी उतरलं की पुन्हा. तक्रार तीच: लाट दिसायला बरी आहे, पण दोरी सोडली की माणूस मागे पडतो. आणि फोन ठेवण्याआधी हमखास विचारतात, "अजून एक पिशवी टाकू, की बोर्डच नवा घेऊ?"

दोन्ही थांबवा. लाट मोठी व्हावी म्हणून बोटीत पंपाने पाण्याच्या पिशव्या भरून वजन वाढवतात, त्याला बॅलास्ट म्हणतात. माझ्याकडे येणाऱ्या बोटींत हे वजन बहुतेक वेळा पुरेसं असतं. ते हवं तिथे नसतं, किंवा पिशवीत पाण्याच्या जागी हवा असते. म्हणून फुकटात होणाऱ्या गोष्टी आधी, पाना-पक्कड नंतर, पाकीट सगळ्यात शेवटी.

लक्षणं

"लाट बरोबर नाही" एवढ्यावरून काही कळत नाही. बोट सरळ रेषेत, एका वेगात चालू असताना मागच्या सीटवरून लाटेचा व्हिडिओ घ्या आणि यातलं नेमकं काय होतंय ते ठरवा.

- लाटेचा माथा सगळा पांढरा, फेसाळ. गुळगुळीत भिंत तयारच होत नाही.
- लाट उंच आणि उभी, पण आखूड. बोर्डचं टोक मागच्या प्लॅटफॉर्मला लागेल इतकी जागा कमी.
- लाट लांब, देखणी, फोटोला उत्तम. जोर मात्र नाही.
- एक जण दोरीशिवाय मजेत जातो, दुसरा त्याच लाटेवर मागे घसरतो.
- सुरुवातीला चांगली होती, तासाभराने बिघडली.
- पंपाचा आवाज येतो, पण बोट पाण्यात बसतच नाही.

चौथं लक्षण असेल तर थेट बोर्डच्या भागाकडे जा. बाकीच्यांनी क्रमाने यावं.

पाण्यात उतरण्याआधी

तुमची बोट आउटबोर्ड किंवा स्टर्नड्राइव्ह असेल तर पुढचं काहीच तुमच्यासाठी नाही. तिचा पंखा बोटीच्या मागे असतो, आणि वेकसर्फ करणारा त्या पंख्यापासून काही फुटांवर असतो. पडला की पंख्यावर जाऊ शकतो. वेकसर्फ फक्त इनबोर्ड बोटीमागे, जिचा पंखा तळाखाली, मागच्या कडेच्या आत असतो. किंवा पंखा पुढे तोंड करून बसवलेल्या ड्राइव्हमागे. पर्यटकांना फेरी मारणाऱ्या स्पीडबोटी बहुतेक आउटबोर्डच असतात. "दादा, जरा हळू चालवा, आम्ही मागे उभे राहतो" हा प्रयोग करू नका.

दुसरं, इंजिन चालू असताना मागच्या प्लॅटफॉर्मवर कोणीही बसायचं नाही, लोंबकळायचं नाही. एक्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि हळू चालणाऱ्या बोटीच्या मागे तो साचतो. कोणाचं डोकं जड झालं, मळमळलं, तर ऊन लागलं म्हणून सोडून देऊ नका. इंजिन बंद, मोकळ्या हवेत न्या, आणि दवाखाना गाठा.

परवानगीचं एका वाक्यात: हे पाणी कोणाच्या तरी नळाला जातं, त्यामुळे धरणात मोटरबोट उतरवायला जलसंपदा विभागाला विचारावं लागतं, मुळशीत टाटा पॉवरला. खडकवासल्याचा विचार सोडा, तिथे एनडीए या लष्करी प्रबोधिनीचा काठही आहे.

जागा आणि खोली

पहिली तपासणी फुकट, आणि एप्रिलमधल्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. बोट जितकं पाणी बाजूला सारते त्याची लाट होते, आणि ती लाट खालपर्यंत पसरलेली असते. तळ जवळ आला की तिचा जोर तिथेच अडतो. ३ मीटर खोली म्हणजे अगदी किमान. ५-६ मीटर असेल तर फरक डोळ्यांना दिसतो. ऑक्टोबरात जिथे लाट मस्त होती तीच जागा उन्हाळ्यात उथळ झालेली असते. पवनेत उन्हाळ्यात वाघेश्वराचं देऊळ पाण्याबाहेर येतं, यावरून पाणी किती खाली जातं याचा अंदाज घ्या. जुन्या भिंती, झाडांचे बुंधे, बांध तसेच पाण्याखाली आहेत, तेव्हा खोली मोजायचं यंत्र नसेल तर दोरीला वजन बांधून मोजा. काठापासून निदान ६० मीटर लांब राहा. तुमची लाट किनाऱ्यावर जाऊन कोणाचं होडकं आपटते, आणि परत फिरून तुमचीच लाट खराब करते.

मासेमारीची जाळी बघा. प्लॅस्टिकच्या बाटल्या ओळीने तरंगताना दिसल्या की खाली जाळं आहे. पंख्यात जाळं म्हणजे तुमचा दिवस गेला आणि त्या माणसाचं जाळंही.

वेळेचंही भान ठेवा. दुपारनंतर पश्चिमेकडून वारा सुटला की पाण्यावर बारीक लाटा उठतात आणि गुळगुळीत भिंत मिळत नाही. उजाडल्यापासून साडेनऊपर्यंत जे जमतं ते दुपारी तीनला जमेलच असं नाही, आणि त्यात बोटीचा दोष नसतो.

वेग: डॅशबोर्डवर विश्वास ठेवू नका

बऱ्याच बोटींत वेग मोजायला तळाशी एक बारीक नळी किंवा छोटं चक्र असतं. पावसाळ्यानंतरच्या गढूळ पाण्यात ते गाळाने भरतं आणि काटा हवं ते सांगतो. मोबाईलचा जीपीएस उघडा. वेकसर्फचा वेग साधारण १६ ते १८.५ किलोमीटर प्रतितास. ही पट्टी अरुंद आहे, त्यामुळे दोन किलोमीटरची चूक म्हणजे लाट वेगळीच.

वेग कमी केला की लाट आखूड, उभी आणि जोरकस होते; फार कमी केला की माथा फुटून फेस होतो. वाढवला की लांब आणि स्वच्छ होते, पण जोर घटतो. १७ वर सुरू करा आणि अर्ध्या-अर्ध्या किलोमीटरने बदला. प्रत्येक बदलानंतर बोट पुरेशी सरळ चालवा, लाट स्थिर होऊ द्या, मग बघा. घाईघाईने वेग, वजन, माणसं सगळं एकदम हलवणाऱ्याला शेवटी कशाने काय झालं ते कधीच कळत नाही.

माणसं हलवा

बोटीतलं सगळ्यात सोयीचं वजन म्हणजे बोटीतली माणसं. समजा डाव्या बाजूची लाट हवी आहे. ७० किलोची दोन माणसं उजवीकडून उठून डावीकडे मागे बसली, तर १४० किलो उजवीकडून गेले आणि तेवढेच डावीकडे आले. दोन्ही बाजूंतला फरक २८० किलोंनी बदलला. एवढं पाणी भरायला पंपाला बराच वेळ लागतो, आणि माणसं उठून बसायला अर्धा मिनिट.

म्हणून पंपाला हात लावण्याआधी हा खेळ करून बघा. दोघं डावीकडे मागे आल्यावर लाट सुधारली तर वजनाची वाटणी चुकलेली आहे. एक जण पुढच्या टोकाला गेल्यावर लाट लांब झाली तर पुढे वजन कमी होतं. काहीच फरक पडला नाही तर खोली आणि वेग पुन्हा बघा. तासाभराने लाट बिघडते तेव्हाही आधी माणसंच बघा. पहिल्या फेरीला सगळे शिस्तीत बसतात, तिसऱ्या फेरीला कोणीतरी चिवडा काढतं आणि सगळे सावलीच्या बाजूला सरकतात. इंधनही विसरू नका: १५० लिटर पेट्रोल म्हणजे जवळपास ११० किलो, आणि टाकी बहुतेक बोटींत मागे असते. ती रिकामी होत गेली की मागचं वजन हळूहळू घटतं.

पिशव्या खरंच भरल्या आहेत का

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

बॅलास्टची पिशवी फुगलेली दिसली म्हणजे भरली असं नाही. तळहात सपाट ठेवून वरच्या बाजूला दाबा. पाण्याने भरलेली पिशवी टणक लागते आणि दाबल्यावर तिच्या कडा फुगतात. हवा असेल तर हात ढोलकीवर पडल्यासारखा वाटतो आणि आतून गुळगुळ आवाज येतो. वरची झडप किंवा पाइप सैल करा, पिशवीचा उंचवटा दाबत हवा त्या तोंडाकडे ढकला, पाणी बाहेर यायला लागलं की बंद करा. पिशवीची घडी सीटखाली अडकली असेल तर ती कधीच पूर्ण भरणार नाही. आधी घडी मोकळी करा.

अर्धवट भरलेली पिशवी रिकाम्या पिशवीपेक्षा वाईट. आतलं पाणी मोकळं असतं, बोट जिकडे कलते तिकडे धावतं आणि तिला आणखी कलवतं. वळणावर बोट उगाच जास्त झुकते, मग परत यायला वेळ लावते. बोट अस्वस्थ वाटत असेल तर वजन वाढवण्याऐवजी अर्धवट पिशव्या एक तर पूर्ण भरा, नाही तर पूर्ण रिकाम्या करा.

आता पंप. रंगाची २० लिटरची बादली घ्या आणि पाणी बाहेर सोडायच्या तोंडाखाली धरा. पंपावर ताशी ३००० लिटर लिहिलेलं असलं तरी पाइपची लांबी आणि वळणं यांत बराच प्रवाह जातो. बादली ३५-४० सेकंदांत भरली तर पंप ठीक. मिनिटाच्या वर गेली तर कुठेतरी अडलंय. भरणारा आणि रिकामा करणारा पंप वेगळे असतील तर भरणारा वेगळा तपासायला हवा: पिशवीकडे जाणारा पाइप काढून त्याचं तोंड बादलीत धरा.

अडलेलं कुठे असतं? पाणी आत घेणाऱ्या जाळीत. जलपर्णीची मुळं केसांसारखी असतात, ती जाळीवर गुंडाळून बसतात, वरून गाळ. बोट ट्रेलरवर असतानाच जुन्या टूथब्रशने साफ करा. मग पाइप बघा. ताडपत्रीखाली चार महिने उभ्या राहिलेल्या बोटीत उंदीर संसार थाटतात आणि पाइप कुरतडतात. क्लिपा सैल असतील तर पंप पाण्याबरोबर हवा ओढतो आणि पिशवीत हवा भरतो. वर तुम्ही काढली तीच हवा.

एअरलॉक म्हणजे पंप फिरतो पण पाणी उचलत नाही. साधा फिरता पंप हवा ओढू शकत नाही; त्याच्या तोंडात पाणी हवंच. बोट हळूच मागे-पुढे न्या, किंवा पंपावरचा पाइप सैल करून पाणी वर येईपर्यंत थांबा. रबरी पात्यांचा, उलट-सुलट चालणारा पंप स्वतः पाणी ओढतो, पण तो कोरडा चालवू नका. पाती काही क्षणांतच तापून मोडतात. पावसाळ्यात पडून राहिल्यावर पाती एका बाजूला वाकून तशीच राहतात. झाकण उघडून बघितलं की लगेच कळतं. इंपेलर, म्हणजे ही पात्यांची चकती, स्थानिक दुकानात सहसा मिळत नाही, म्हणून मोसम सुरू होण्याआधीच एक जास्तीचा मागवून ठेवा.

भरलेली पिशवी फेरीदरम्यान आपोआप रिकामी होते का, तेही बघा. बोट कलली की पाइपमधून सायफन सुरू होऊन पाणी बाहेर जातं. "तासाभराने बिघडली" याचं हे आणखी एक कारण. पाइप पाण्याच्या पातळीच्या वर उंच वळवून आणला आणि वळणाच्या माथ्यावर हवा घेणारी झडप बसवली की सायफन तुटतो.

वीज

पंप अजिबात फिरत नसेल तर फ्यूज. उडालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपियरचा लावा, मोठा नको. मोठा फ्यूज लावला की पुढच्या वेळी फ्यूज वाचतो आणि वायर जळते. फ्यूज ठीक असेल तर पंप चालू असताना पंपाच्या तारांवरच मीटर लावा. ११ व्होल्टच्या खाली असेल तर वायर बारीक आहे किंवा अर्थचं टोक गंजलंय. कनेक्टर, फ्यूज, रिले पुण्यात तपकीर गल्लीत मिळतात. टिन चढवलेली वायर मागा, साधी तांब्याची दमट जागेत लवकर काळी पडते. कनेक्टर वितळलेला दिसला तर मात्र तिथून पुढे स्वतः काही करू नका.

वजनाची मांडणी

पंप आणि पिशव्या ठीक आहेत, तरी लाट जमत नाही, तेव्हाच मांडणी बदला. आधी बोटीच्या क्षमतेची पाटी वाचा. त्यातल्या वजनात माणसं, सामान आणि बॅलास्ट सगळं आलं.

एकवीस-बावीस फुटी बोट, सर्फची यंत्रणा (मागे उघडणारे पत्रे) नसलेली: सर्फच्या, म्हणजे जिकडची लाट हवी त्या बाजूला मागे ३५० ते ४५० किलो, पुढे १५० ते २००, विरुद्ध बाजूला मागे काहीच नाही. इथे बोट सर्फच्या बाजूला कलायलाच हवी. ज्या बोटीत मागे उघडणारे पत्रे आहेत तिथे उलट: दोन्ही बाजू समान भरा, यंत्रणा बाकीचं बघते. पत्रा सर्फच्या विरुद्ध बाजूचा उघडतो. त्यामुळे दोन्ही बाजूंचं पाणी मागे उशिरा एकत्र येतं आणि हव्या बाजूची लाट लांब, स्वच्छ राहते. व्हॅक्यूमने बोटीला बाहेरून चिकटणारा शेपर, म्हणजे पाणी वळवणारा तुकडा, याच तत्त्वावर चालतो. डाव्या लाटेसाठी तो उजव्या बाजूला, मागच्या कडेजवळ, पाण्याखाली. चिकटवण्याआधी तिथला तेलकट थर पुसा, आणि त्याची दोरी बोटीला बांधा, नाहीतर तो तळाला जातो.

आखूड आणि उभी लाट: पुढे ५० किलो वाढवा. लांब पण मऊ: मागे वाढवा किंवा वेग अर्धा किलोमीटर कमी करा. फेसाळ माथा: वेग थोडा वाढवा, नाहीतर कल वाढवा. पुढे वजन भरताना सावध. जड झालेल्या बोटीचा वेग झटकन सोडला की मागून आलेली स्वतःचीच लाट पुढच्या टोकावरून आत येते. थ्रॉटल सावकाश.

बोर्ड

आता त्या दोघांची गोष्ट, ज्यातला एक जातो आणि एक पडतो. ५५ किलोची व्यक्ती त्या लाटेवर तरंगते आणि ८५ किलोची मागे घसरते, तर लाट ठीक आहे. बोर्ड छोटा आहे. कोणीच जाऊ शकत नसेल तर बोर्ड निर्दोष आहे आणि तुम्हाला वर परत जायचंय. एवढ्यावर बरेच पैसे वाचतात.

दोन प्रकार. सर्फ पद्धतीचा बोर्ड जाड, जास्त तरंगणारा, तळाला दोन ते चार मोठे फिन (माशाच्या परांसारखे तुकडे); कमी जोराच्या लाटेवरही पुढे राहतो. स्किम पद्धतीचा पातळ, एखादाच छोटा फिन, गोल फिरायला उत्तम, पण लाटेचा जोर पूर्ण लागतो. नवशिक्यांनी सर्फ पद्धतीचा घ्यावा, यात मला तरी वाद दिसत नाही. लांबीचा ढोबळ अंदाज: ७० किलोपर्यंत साडेचार ते पावणेपाच फूट, ८० च्या आसपास पाच फूट, ९० च्या वर सव्वापाच ते साडेपाच. दोन आकारांत अडलात तर मोठा. मोठ्या बोर्डवर वळणं सुस्त होतात, पण माणूस लाटेवर राहतो.

बाजूही बघा. डावा पाय पुढे ठेवणाऱ्याला डावी लाट सोयीची, कारण तो तिच्याकडे तोंड करून उभा राहतो. उजवा पाय पुढे असेल तर उजवी. चुकीच्या बाजूला शिकणारा "बोर्ड खराब आहे" म्हणतो. तसंच मागे पडणारे बहुतेक जण मागच्या पायावर वजन टाकून उभे असतात. पुढच्या पायावर वजन टाकलं की बोर्ड वेग घेतो, मागच्यावर टाकलं की थांबतो.

बोर्ड जड वाटतोय का? काट्यावर ठेवून बघा. भेगेतून फोममध्ये पाणी गेलं तर तरंगणं कमी होतं. भेग खाली करून, पूर्ण सुकवून मग बुजवा, आणि इपॉक्सी रेझिनच वापरा. फायबरच्या दुकानात सहसा पॉलिएस्टर रेझिन हातात ठेवतात; थर्माकोलसारख्या फोमला ते विरघळवतं. एप्रिलात बंद गाडीत बोर्ड ठेवू नका. वरचा थर फुगून सुटतो आणि तो पुन्हा नीट बसत नाही.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

बॅलास्ट रिकामा असतानाही बोटीच्या तळात पाणी साचतंय. शाफ्टमधून थेंबापेक्षा जास्त गळतंय. वेगात थरथर आहे, म्हणजे पंखा किंवा शाफ्ट वाकलाय. इंजिन तापतंय. इंधनाचा वास येतोय. स्टिअरिंग अचानक जड झालंय. यांपैकी काहीही असेल तर बॅलास्ट काढा, हळू काठाला या. तळाला भोक पाडून नवा पंप बसवणं हेही घरचं काम नाही.

पिशव्या भरल्यावर बोट १७ चा वेगच धरत नसेल तर पंख्याच्या पिचचा, म्हणजे पंखा एका फेऱ्यात किती पुढे सरकतो त्याचा, प्रश्न असू शकतो. साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण ३ टक्के घटते, आणि आपली धरणं समुद्रसपाटीपासून जवळपास दोन हजार फुटांवर आहेत. समुद्राच्या पातळीसाठी निवडलेला पंखा इथे भरलेल्या बोटीला जड पडतो. कमी पिचचा पंखा लागेल, पण कोणता ते पूर्ण थ्रॉटलवरचे आरपीएम बघून मरीन मेकॅनिकने ठरवायचं. अंदाजाने घेतला तर इंजिन जास्त फिरून खराब होतं.

त्याला फोन करण्याआधी एवढं लिहून ठेवा: जीपीएसवरचा वेग आणि तेव्हाचे आरपीएम, रिकाम्या आणि भरलेल्या बोटीचे दोन्ही, प्रत्येक पिशवीत किती लिटर, बादली किती सेकंदांत भरली, पंख्यावर कोरलेले आकडे, आणि तो व्हिडिओ. बोट त्याच्याकडे नेण्याआधी सगळा बॅलास्ट रिकामा करा. ५०० किलो पाणी घेऊन घाट चढणाऱ्या ट्रेलरचा एक्सल मोडला की मेकॅनिक आणि क्रेन, दोघांचं बिल येतं.